गॉगलमागे एक चष्मा

मी आयुष्यात पुष्कळ भूमिका केल्या, पण सगळ्यात जास्त प्रयोग झालेली भूमिका रंगमंचावरची नव्हती. ती सांगलीतल्या एका चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या मागे, रोज दोन वेळा चालायची. तिकीट नव्हतं, प्रेक्षक आपणहून चालत यायचे, आणि चारही भिंतींवर आरसे असल्यामुळे मला माझा अभिनय पाठीमागूनसुद्धा बघता यायचा. हौशी नटाला याहून जास्त काही लागत नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मूळचा साताऱ्याचा, सांगलीत नाटकं होतात म्हणून आलो आणि नाटकं पोटाला पुरत नाहीत म्हणून चष्मे विकायला लागलो. दुकानाच्या मालकांनी मला नंबर काढायला शिकवलं. काचांची लाकडी पेटी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि "आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं" हा एकच संवाद. साताऱ्याला माझे वडील शेजाऱ्यांना सांगत की मुलगा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आहे. मी त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही. उलट सुट्टीला घरी गेलो की गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या पापण्या वर करून "हं" म्हणायचो.

त्या काळात आमचा खरा धंदा चष्म्याचा नव्हता, गॉगलचा होता. तीन गिऱ्हाइकं ठरलेली. पहिला नवरदेव. वरातीत घोड्यावर बसताना गॉगल नसेल तर मुलीकडचे लोक काय म्हणतील, ही काळजी हुंड्याच्या बोलणीपेक्षा मोठी असायची. दुसरा सुट्टीवर आलेला फौजी. सीमेवर बर्फात आणि वाळवंटात उभा असताना त्याला गॉगल लागत नसे, पण उंब्रजच्या स्टँडवर एसटीतून उतरताना हटकून लागायचा. तिसरा नवी मोटारसायकल घेतलेला ऊसवाल्याचा मुलगा. तो आधी मोटारसायकल दाराशी उभी करून काचेतून तिच्याकडे बघायचा आणि मग तिला शोभेल असा गॉगल मागायचा. मी प्रत्येकाच्या मागे उभा राहून, मान तिरकी करून, डोळे बारीक करून दोन पावलं मागे सरकायचो आणि काहीच बोलायचो नाही. त्या न बोलण्यावर माझे निम्मे गॉगल खपले.

एकदा मालक पुण्याहून आले ते डोक्यात एक योजना घेऊनच. परदेशात म्हणे अशी दुकानं असतात की तिथे फॅशनचा चष्मा घेतला की दुकानदार एका गरिबाला चष्मा देतो. आपणही करायचं. प्रत्येक फॅन्सी गॉगलमागे दुष्काळी भागातल्या एका गरजू माणसाला एक चष्मा फुकट. मालक मनाचे वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. पण आमच्या माळ्यावर जुन्या फ्रेमच्या दोन ट्रंका पडून होत्या, हेही तितकंच खरं. दहा वर्षांपूर्वीची फॅशन. तपकिरी, ठिपक्यांची, आणि दांडी बोटभर रुंद. त्या फ्रेमला गिऱ्हाईक हात लावत नव्हतं. माळाही रिकामा होणार होता आणि पुण्यही जमणार होतं.

योजना अशी काही चालली की मालकही चकित झाले. त्यात माझा हात होता, नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो. गॉगल विकला गेला की मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, "आता क्षणभर डोळे मिटा. तुम्ही डोळे उघडाल तेव्हा तिकडे कवठे महांकाळच्या बाजूला एका माउलीला दिसायला लागलेलं असेल." धट्टेकट्टे पैलवान गडी गॉगलच्या आत डोळे मिटून उभे राहायचे. मग डोळे उघडून ते एकच प्रश्न विचारायचे, "पण तिला कळणार कसं, मी दिला म्हणून?"

आता हा प्रश्न आमच्या भागाला धरूनच होता. आमच्याकडे देवळात पंखा दिला तर तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतं. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. शाळेचा बाक, स्मशानातली शेड, लग्नातलं पातेलं, नावाशिवाय काही द्यायची रीत नाही. मालकांनी दोन दिवस विचार केला आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याचं ते यंत्र कुर्रर्र करत तांब्या-पेल्यांवर नावं कोरायचं. त्याने जुनी फ्रेम हातात घेतली, रुंद दांडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झकास बसतंय की. 'सप्रेम भेट'सुद्धा मावंल."

दहा वर्षं कुणी न घेतलेल्या त्या दांडीचं सोनं झालं. देणाऱ्याचं नाव, गाव आणि सप्रेम भेट, सगळं एका ओळीत.

चष्मे वाटायला मी जात असे. शाळेच्या व्हरांड्यात तक्ता टांगायचा, पेटी उघडायची आणि रांग लावायची. खरं सांगतो, रांगेतल्या निम्म्या लोकांना मोतीबिंदू होता. त्यांना चष्मा लावून काही होणार नव्हतं आणि मला ते दिसतही होतं. पण सांगलीत नावं कोरून झालेली असायची. मी चष्मा चढवायचो, विचारायचो, "बरं दिसतंय?" आणि चार मैल चालत आलेली माणसं समोरचा नाराज होऊ नये म्हणून "व्हय, झ्याक" म्हणायची. एका आजोबांनी तो चष्मा देवाच्या फळीवर ठेवून दिला, कारण त्यावर मोठ्या माणसाचं नाव होतं. एक बाई तो फक्त लग्नाला जाताना घालायची. मी हे किस्से परत येऊन दुकानात रंगवून सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचे.

एक मावशी मला अशाच एका शिबिरात भेटली. कवठे महांकाळच्या पुढे, बेदाण्याच्या शेडजवळच्या शाळेत. पन्नाशीची, काटक, डोक्यावरचा पदर घट्ट खोचलेला. तिने रांगेत उभं राहतानाच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिचं काम नजरेचं आहे. शेडमध्ये वाळलेला बेदाणा बायका ताटात घेऊन निवडतात. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा मणी आणि काडी बाहेर. वीस बायका निवडायच्या आणि शेवटी प्रत्येक ताट हिच्यासमोर यायचं. हिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पेटी बंद होत नसे.

"लोकांस्नी जिमीन आस्ती," ती स्टुलावर बसत म्हणाली. "मला ही नजर हाय. नवरा न्हाई, पोराचं हातावरचं पोट. नजर गेली तर मालक दुसऱ्या दिशी दुसरी बसवंल. तवा नीट बघा, दादा. घाई करू नगा."

मी घाई केली नाही. तिला जवळचं अंधूक दिसत होतं, पन्नाशीत सगळ्यांना होतं तसंच. मी बायफोकल दिला. वर साधी काच, खाली जवळचं बघायची. तिने पिशवीतून मूठभर बेदाणे काढून तळहातावर पसरले, एक मणी चिमटीत धरून बाजूला केला आणि म्हणाली, "ह्यो मागल्या आठवड्यात माझ्या हातनं सुटला आसता." तिचा चेहरा असा उजळला की मला प्रयोगाला दाद मिळाल्यासारखं वाटलं. शिबिरातला तो एकच चष्मा असा होता की ज्याचं खरोखर काम झालं. मी तिला आमचं नेहमीचं वाक्य ऐकवलं, "चष्मा सारखा काढ-घाल करायचा नाही, नंबर वाढतो. उठल्यापासून झोपेपर्यंत डोळ्यांवर राहू दे." हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पण दुकानात सगळेच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो.

तिच्या दांडीवर ज्याचं नाव होतं तो पलूसकडचा एक होणारा नवरदेव होता. त्याने स्वतःसाठी एक आणि वरातीतल्या मित्रांसाठी दहा असे अकरा गॉगल एकरकमी घेतले होते, त्यामुळे अकरा चष्म्यांवर त्याचंच नाव होतं. जाताना तो म्हणाला, "लग्नात ती अकरा माणसं स्टेजवर आली पाहिजेत. चष्मा घालून. आमच्या पाव्हण्यांना कळू दे." मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान लववली. मला तर नाटकच मिळालं होतं.

लग्नाला तीन आठवडे असताना मावशी एकटीच एसटीने सांगलीला आली. पदराखाली माझ्यासाठी बेदाण्याची पुडी. दुकानात शिरताना तिचा खांदा दाराच्या काचेला लागला. मी म्हणालो, "काच पुसून ठेवली की हा त्रास होतो, मावशी. मालकांना सांगतो, जरा मळकी ठेवा." ती हसली आणि माझ्यासमोर बसली.

"दादा, चष्म्यानं काम झ्याक झालंय. काळा मणी आता लांबनं वळखू येतोय. पर कडंचं कायबी दिसंना झालंय."

"कडेचं म्हणजे?"

"ह्या अंगाला सून हुबी ऱ्हायली तर ती बोलल्याबिगर कळत न्हाई. चौकटीला रोज खांदा लागतोय. परवा कोंबडी पायात आली, मी तिच्यावरच बसायची."

मी तिचा चष्मा जागेवरच बोटाने वर उचलल्यासारखा केला आणि दांडीवर टिचकी मारली. "ही दांडी बघा केवढी आहे. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तशी. कडेचं अडणारच."

"मग बारीक दांडीचा द्या की."

बारीक दांडीच्या फ्रेम माझ्या उजव्या हाताच्या खणात होत्या. तारेच्या, हलक्या, दांडी काडीएवढी. काचा काढून त्यात बसवायला मला अर्धा तास लागला असता. पण तारेवर नाव कोरता येत नाही. आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

"मावशी, ह्यावर देणाऱ्याचं नाव आहे," मी म्हणालो. "त्याच्या लग्नात तुम्हाला हाच घालून जायचंय. जेवण आहे, साडी आहे."

"नाव ऱ्हाऊ द्या की घरात. मी दिसायला घालतोय, का वाचायला?"

शेजारी चष्मा दुरुस्त करून घेत बसलेले एक निवृत्त मास्तर खो-खो हसले. मीही हसलो. मग मी आवाज खाली आणला, डॉक्टरांसारखा. "पंधरा-वीस दिवस जाऊ द्या. नव्या चष्म्याची सवय व्हावी लागते. बायफोकल आहे, त्याला तर जास्तच."

"सवय झाली की कडंचं दिसंल?"

"सवय झाली की अडचण वाटणार नाही."

मी खोटं बोललो नव्हतो, असा माझा समज होता. वाक्य नीट जुळवलं म्हणून मनात थोडी ऐटही होती. मावशी म्हणाली, "बरं. तुमी सांगताय तर आसंल." जाताना तिने दार हाताने चाचपून उघडलं.

लग्नाचा दिवस मी अजून जसाच्या तसा करून दाखवू शकतो. अकरा जणांना मी टेम्पोतून आणलं. सगळ्यांना एकाच तऱ्हेच्या तपकिरी, ठिपक्यांच्या फ्रेम. मांडवात त्यांना एका रांगेत बसवलं आणि समोरच्या रांगेत काळे गॉगल घातलेले नवरदेवाचे मित्र. इकडच्यांना जग दिसावं म्हणून चष्मे लावलेले, तिकडच्यांना जगाने बघावं म्हणून. मधून वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. माइक माझ्या हातात होता. मी प्रत्येकाचं वर्णन असं केलं की स्वतः त्यांनाही ते अनोळखी वाटावं. "ह्या आजोबांनी सहा वर्षं नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं." आजोबांना नातू नव्हता. त्यांनी हात जोडले.

मावशीची पाळी आली तेव्हा ती डाव्या बाजूच्या पायऱ्यांनी वर चढली आणि कापड गुंडाळलेल्या खांबावर सरळ आदळली. सावरून वळली तर फोटोवाल्याच्या दिव्याच्या स्टँडला धक्का. स्टँड डुलला, फोटोवाला धावला, मांडव क्षणभर गप्प झाला. नटाला गप्प मांडव सोसत नाही. मी माइकमध्ये म्हणालो, "मंडळी, मावशींना नवरदेवाच्या तोंडावरचं तेजच एवढं दिसलं की खांब दिसला नाही."

मांडव कोसळला असता इतका हशा. नवरदेव गॉगल काढून हसला, आणि हे त्याने सप्तपदीतसुद्धा केलं नव्हतं. मावशीही हसली, पदर तोंडाला लावून. मग तिने चष्मा डोळ्यांवरच ठेवून, मान वळवून, दांडीवरचं नाव पाहुण्यांना दाखवलं. टाळ्या. ते वाक्य मला आयत्या वेळी सुचलं होतं आणि पुढचा महिनाभर मी ते भेटेल त्याला सांगत होतो.

पुढच्या हंगामात ती परत आली. या वेळी मुलगा सोबत होता, कारण तिला एसटीची पाटी सापडत नव्हती. मुलगाच बोलला. आई आता ताटातला मधला भाग तेवढा निवडते, कडेचा माल तसाच पुढे जातो. दोन पेट्या व्यापाऱ्याकडून परत आल्या. शेडच्या मालकाने बोलून दाखवलं नाही, पण शेवटच्या जागेवर शेजारी दुसरी बाई आणून बसवली.

"सवय काय झाली न्हाई, दादा," मावशी म्हणाली. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. आपणच कुठे तरी कमी पडलो, असा होता. "लय प्रयत्न केला. आता तर नळीतनं बघितल्यागत दिसतंय. नळी रोज बारीक हुतीया."

मी विनोद शोधला आणि तो सापडला नाही. मालकांना न विचारता दुकानातून बाहेर पडलो आणि दोघांना घेऊन मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि पहिलं काय म्हणाले असतील तर, "चष्मा काढा." तिने काढला. त्यांनी आपला हात तिच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. "हात दिसला की सांगा." हात गालापर्यंत आला, नाकाजवळ आला, तेव्हा ती म्हणाली, "दिसला."

दांडी नव्हती. काच नव्हती. तरीही तेवढंच दिसत होतं.

मी वर्षभरात तिला एकदाही म्हटलं नव्हतं की मावशी, चष्मा काढून बघा. आणि मी सांगितलं होतं म्हणून तिनेही तो कधी काढला नव्हता.

डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब बघितला, आत दिवा टाकून बघितलं आणि विचारलं, "कडेचं दिसत नाही हे कधीपासून?"

"चष्मा लावल्यापासनं," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुकानाचं नाव आधीच सांगून बसलो होतो. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला काचबिंदू समजावून सांगितला. हा आजार कडेकडून खात येतो. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं शेवटपर्यंत छान दिसत राहतं, त्यामुळे माणसाला काही कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही. जेवढी शिल्लक असेल तेवढी औषधाने राखायची. "हिची एका डोळ्याची संपलीच आहे. दुसऱ्याची सुईच्या नेढ्याएवढी राहिलीय. तीही टिकेल असं मी म्हणणार नाही. वर्षापूर्वी आणली असती तर..." आत जाऊन त्यांनी मावशीला थेंब कसे टाकायचे ते शांतपणे शिकवलं.

दुकानात आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण चष्मा दिला. रोग आपण दिला नाही." वाक्य अगदी बरोबर होतं. मी स्वतःलाही तेच सांगून बघितलं. पुढे योजना आणखी वर्षभर चालली. मी गॉगल विकत राहिलो, लोक डोळे मिटत राहिले. माझ्या शिबिरांत एवढाच फरक पडला की मी कानाजवळून हात पुढे आणून बघायला लागलो. दोन माणसं त्यात सापडली. मी त्यांना मिरजेला जायला सांगितलं. एक गेलाच नाही, दुसऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही. मग रस्त्यावरच्या गाड्यांवर स्वस्त गॉगल आले, नवरदेव तिकडे वळले आणि आमची योजना कुणी बंद न करता बंद पडली. दुसरी ट्रंक अर्धी भरलेलीच राहिली.

मावशीच्या गावी मी दोन वर्षांनी गेलो. आधी जाणार होतो, पण कधी तालीम आडवी आली, कधी मीच तालीम काढली. गेलो तेव्हा हंगाम चालू होता. शेडमधून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. ती घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी "मावशी" म्हटलं आणि तिने लगेच ओळखलं.

"अगं, च्या टाक," तिने आत सुनेला सांगितलं. "सांगलीचं दादा आल्यात. ज्यांनी मला मिरजंला न्हेलं ते."

शेजारच्या दोन बाया बघायला आल्या. मावशीने त्यांना माझी ओळख अशी करून दिली की मी खाली मान घातली. ह्यांच्या चष्म्यामुळे मला एक हंगाम जास्त मिळाला. ह्यांनी स्वतःचं काम सोडून मला दवाखान्यात नेलं. आजकाल कोण करतं? उजेड-अंधार एवढंच आता कळतं, पण ती काय ह्यांची चूक नव्हे. बाया माझ्याकडे आदराने बघत होत्या. इतका चांगला प्रवेश मला कुणी लिहून दिला नव्हता. नुसतं हात जोडून उठलो असतो तरी चाललं असतं.

बाया गेल्या. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. तुम्ही दुकानात आला होता तेव्हा मी फ्रेम बदलून द्यायला हवी होती. निदान चष्मा काढून बघा म्हणायला हवं होतं. तेवढ्यावर कळलं असतं की दोष दांडीचा नाही, आणि त्याच दिवशी मिरजेला जाता आलं असतं. लग्नात दांडीवरचं नाव दिसायला हवं होतं, म्हणून मी ते केलं नाही.

सगळं एका दमात, कुठेही आवाज न चढवता सांगितलं. मला तसं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

शेडमध्ये कुणीतरी ताट आपटलं, बेदाणे खाली सांडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हशा झाला. मग तिने विचारलं, "तवा न्हेलं आसतं, तर ऱ्हायलं आसतं?"

"थोडं राहिलं असतं."

"थोडं म्हंजी किती?"

मी दोन्ही हात पुढे करून मधे अंतर धरलं आणि म्हणालो, "एवढं."

ती वाट बघत राहिली. माझे हात हवेत तसेच होते. तोवर मी या हातांवर भाकरी मिळवली होती. ते मी हळूच मांडीवर आणले.

"ताटाएवढं, मावशी," मी म्हणालो. "समोर धरलेलं ताट दिसलं असतं. कडेचं नाही, पण ताट पुरतं दिसलं असतं."

तिने मान हलवली, हिशेब नीट लागल्यासारखी.

"मग पुरलं आसतं की," ती म्हणाली.

सून कप न्यायला आली. तिने मला विचारलं की परतीची गाडी साडेचारची आहे, का सहाची. मी साडेचारची म्हणालो आणि उठलो. मावशी भिंतीला टेकून तशीच बसली होती, तोंड शेडच्या दिशेला.